खाते बदलल्याचा ईमेल आला, तर आधी जुन्या नंबरवर फोन करावा

पुण्याच्या भवानी पेठेत पॅकिंगच्या साहित्याचा घाऊक व्यवसाय करणाऱ्या एका ताईंनी तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या भोसरीच्या नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा ईमेल आला, सोबत नेहमीसारखेच बिल होते, आणि दुकानात हिशेब पाहणाऱ्या पगारी मुलाने १ लाख ८५ हजार रुपये त्या नव्या खात्यात भरले. आठ दिवसांनी खऱ्या पुरवठादाराने उधारीची आठवण करून दिली, तेव्हा प्रकार उघडकीस आला. असे ईमेल आणि फोन ओळखायचे कसे, पैसे गेल्यावर नेमके काय करायचे, आणि ही रक्कम त्या मुलाच्या पगारातून कापावी का, असे त्यांचे प्रश्न आहेत. पुण्यातल्या लहान व्यावसायिकांचे हिशेब आणि करविषयक काम मी गेली बावीस वर्षे करतो. अलीकडे त्यातला बराच वेळ अशाच प्रकरणांत जातो, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या प्रश्नाला मी थोडी वेगळी दिशा देणार आहे. खोटा ईमेल ओळखण्याचे धडे सगळीकडे मिळतात: भाषा अशुद्ध असते, पत्त्यातले एखादे अक्षर बदललेले असते, बोधचिन्ह अंधुक असते. हे जरूर पाहावे. इंग्रजीतील लहान ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी आले की घाईत ते ‘एम’सारखे दिसतात, ‘एल’च्या जागी एकचा आकडा सहज खपतो, आणि मोबाइलवर तर बहुधा पूर्ण पत्ता दिसतच नाही, केवळ पाठवणाऱ्याचे नाव दिसते. परंतु दुसरा प्रकार याहून अवघड आहे, आणि आपल्या बाबतीत तोच घडला असावा असा माझा कयास आहे. त्यात पुरवठादाराचा किंवा आपला खरा मेलबॉक्सच कोणीतरी उघडलेला असतो, कारण केव्हातरी कोणीतरी एखाद्या बनावट पानावर पासवर्ड भरलेला असतो. उघडणारा माणूस लगेच काही करत नाही. तो आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार वाचतो, कोणाचे बिल कधी देय होते, उधारी किती दिवसांची चालते, हिशेबनिसाला नावाने हाक मारतात की ‘साहेब’ म्हणतात, हे टिपून ठेवतो. मग खऱ्या बिलाची पीडीएफ घेऊन तीत फक्त खाते क्रमांक आणि बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड बदलतो आणि जुन्याच पत्रव्यवहाराला उत्तर म्हणून ते बिल पाठवून देतो. असा ईमेल कितीही बारकाईने वाचला तरी पकडता येत नाही, कारण खाते क्रमांक सोडला तर त्यातले सगळे खरे असते.

म्हणून ओळखण्याच्या कौशल्यावर भिस्त न ठेवता दुकानात एक रीत घालून द्यावी. पैशांविषयीची कोणतीही नवी सूचना ज्या वाटेने आली, त्या वाटेने तिची खात्री करायची नाही. खाते बदलल्याचे ईमेलने कळले तर त्या ईमेलला उत्तर देऊन विचारायचे नाही, आणि त्याच्या तळाशी छापलेल्या नंबरवरही फोन करायचा नाही. वर्षभरापूर्वीच्या बिलावरचा किंवा व्हिजिटिंग कार्डावरचा नंबर शोधून, ज्याचा आवाज आपल्या ओळखीचा आहे अशा माणसाशी बोलायचे. नेहमीचे पुरवठादार दहा-पंधरा असतील, तर त्यांची नावे, फोन नंबर आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे एका वहीत लिहून ती वही गल्ल्यात ठेवावी. मी मुद्दाम वही म्हणतो आहे, कारण संगणकातली यादी संगणकात शिरलेल्या माणसाच्याही हाती लागते.

अनेक जण यावर सांगतात की आम्ही नव्या खात्यात आधी एक रुपया पाठवून पाहतो. खाते चालू आहे, एवढेच त्यावरून कळते. ते कोणाचे आहे हे कळण्यासाठी समोरच्याला ‘एक रुपया मिळाला का’ असे विचारावे लागते, आणि तो प्रश्न त्याच ईमेलवर विचारला तर भामटा आनंदाने ‘मिळाला’ असे कळवतो. माझ्या एका अशिलाने ही काळजी घेऊन, पोच मिळाल्यावर निर्धास्तपणे चार लाख भरले होते.

यापेक्षा उपयोगी पडणारी एक सोय आता उपलब्ध आहे. एनईएफटी आणि आरटीजीएस या एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या पद्धतींत रक्कम वर्षानुवर्षे केवळ खाते क्रमांकाच्या आधारे जमा केली जात असे. आपण नावाच्या चौकटीत पुरवठादाराचे नाव भरले, तरी खातेदाराचे नाव तेच आहे की नाही हे पैसे भरताना आपल्याला दिसत नव्हते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ एप्रिल २०२५ पासून बँकांनी पैसे पाठवणाऱ्याला खातेदाराचे नोंदलेले नाव आधी दाखवण्याची सोय देणे अपेक्षित आहे. नवे खाते जोडताना ते नाव वाचावे, आणि पेढीऐवजी भलत्याच व्यक्तीचे नाव दिसले तर तिथेच थांबावे. मात्र नाव जुळले म्हणजे काम झाले असे समजू नये, कारण मिळत्याजुळत्या नावाने चालू खाते उघडणेही अशक्य नाही. फोन करायचाच.

अशा ईमेलची वेळही पाहण्यासारखी असते. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि आपल्या पत्रात तो ईमेल गुरुवारी दुपारी आल्याचा उल्लेख आहे. ‘जुन्या खात्याचे ऑडिट चालू आहे, आजच भरले तर बरे’ असे त्यात लिहिले होते. कारखान्यात फोन उचलायला कोणी नाही, आणि बँकेची वाट मात्र उघडी आहे: एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही चालतात. आपली सोय म्हणून जी गोष्ट झाली, तीच त्यांच्याही सोयीची झाली. म्हणून नव्या किंवा बदललेल्या खात्यात पहिले पैसे पुरवठादाराच्या सुट्टीच्या दिवशी भरायचे नाहीत, असा नियम करावा. त्याच्या जोडीला चालू खात्याच्या नेट बँकिंगमध्ये एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, ही मेकर-चेकरची व्यवस्था बँकेकडे मागून घ्यावी. बहुतेक दुकानांत ती नसते, कारण मालकाला दर वेळी मंजुरी देण्याचा कंटाळा येतो आणि मग दोन्ही पासवर्ड एकाच माणसाकडे जातात. तसे करायचे असेल तर ती व्यवस्था न घेतलेली बरी.

हाच डाव व्हॉट्सअ‍ॅपवर उलट्या बाजूने खेळला जातो. हिशेबनिसाला मालकाचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरवरून संदेश येतो, ‘मीटिंगमध्ये आहे, फोन करू नकोस, पुढील खात्यांत ताबडतोब पैसे पाठव.’ ही केवळ अडाण्यांची फसवणूक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी सप्टेंबर २०२२ मधले सिरम इन्स्टिट्यूटचे प्रकरण आठवावे. कंपनीच्या प्रमुखांच्या नावाने आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांवरून पुण्यातल्या या कंपनीचे एक कोटीहून अधिक रुपये परक्या खात्यांत गेले होते. जिथे हिशेबाचा स्वतंत्र विभाग आहे तिथे हे घडते, तर चार माणसांच्या दुकानात, जिथे मालकाचा शब्द हीच पद्धत असते, तिथे काय सांगावे? उपाय मालकानेच करायचा आहे. ‘मी स्वतः लिहून पाठवले तरी तू मला माझ्या नेहमीच्या नंबरवर फोन केल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत, आणि तसा फोन केलास म्हणून मी रागावणार नाही’, हे माणसांना स्पष्ट शब्दांत सांगितलेले असावे, आणि पहिला फोन येईल तेव्हा खरोखरच रागावू नये.

फोनवरच्या फसवणुकीत पुण्यात वारंवार दिसणारा प्रकार लष्कराच्या नावाचा आहे. खडकी, वानवडी, खडकवासला या लष्करी ठिकाणांची नावे आपल्या रोजच्या बोलण्यातली आहेत आणि गणवेशाविषयी आदर आहे, त्यामुळे ‘युनिटसाठी दोनशे थाळ्या हव्यात’ किंवा ‘मेससाठी चाळीस खोकी माल हवा’ असे हिंदीत सांगणाऱ्या माणसावर शंका घेणे अप्रशस्त वाटते. तो ओळखपत्राचा फोटो पाठवतो, भावात घासाघीस करत नाही (खरे तर इथेच संशय यायला हवा), आणि पैसे आगाऊ देतो म्हणतो. मग सांगतो की लष्कराच्या खात्यातून पैसे उलट पद्धतीने येतात, तुम्ही आधी हा क्यूआर कोड स्कॅन करून पाठवा, दुप्पट रक्कम परत जमा होईल. इथे एकच तांत्रिक गोष्ट पक्की माहीत असली की पुरते: यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी लागतो, पैसे घेण्यासाठी कधीही लागत नाही. व्यक्तीने व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची सोय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, परंतु क्यूआर कोड आणि मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारी अ‍ॅप तशीच आहेत. लष्कराची खरेदी कागदावर आणि बिलावर होते. ऑर्डर खरी वाटली, तर युनिटचे पत्र मागावे आणि त्या ठिकाणचा अधिकृत दूरध्वनी स्वतः शोधून विचारावे. म्हणजे पुन्हा तेच, वाट बदलायची.

गल्ल्यावरचे प्रकार थोडक्यात सांगतो. पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. पैसे जमा झाल्याचे सांगणारा साउंडबॉक्स बोलला किंवा आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसली तरच माल द्यावा. साउंडबॉक्स बदलून द्यायला आलेल्या माणसाने ‘एक रुपया पाठवून तपासू’ म्हणत आपला मोबाइल हातात घेतला, तर त्याची नजर पिनवर असते. दुकानाबाहेर चिकटवलेल्या क्यूआर कोडवर दुसराच कोड डकवला आहे का, हे रोज सकाळी झाडू मारताना पाहावे. आणि ‘चुकून पंधरा हजार तुमच्याकडे आले, या नंबरवर परत पाठवा’ असा फोन आला तर आधी खाते तपासावे. बहुधा केवळ बनावट एसएमएस आलेला असतो. रक्कम खरोखरच जमा झाली असेल तरीही ती त्या नंबरवर पाठवू नये, बँकेला लेखी कळवून आली त्या खात्यातच परत करण्यास सांगावे. अशी रक्कम दुसऱ्या कोणाची तरी लुबाडलेली असू शकते, आणि त्या माणसाने तक्रार केली की तपासाचा माग आपल्या चालू खात्यापर्यंत येऊन ते खाते गोठवले जाते. प्रामाणिक दुकानदाराला यातून बाहेर पडायला महिने लागल्याचे मी पाहिले आहे. अनोळखी गिऱ्हाइकाला मोठा माल विकताना बिल, चलन आणि घेणाऱ्याची सही जपून ठेवण्याचे महत्त्व तेव्हा कळते.

सरकारी नावाने येणाऱ्या फोन-ईमेलबाबत फार चर्चा करण्याची गरज नाही, कारण तिथे पडताळणीची वाट सरकारनेच दिलेली आहे. केंद्रीय करविभागाच्या पत्रावरचा डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक, विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि जीएसटीची नोटीस खरी असेल तर ती पोर्टलवर आपल्या लॉगिनमध्ये दिसते. ईमेलसोबत आलेली फाइल उघडण्याची गरजच पडत नाही. लहान उद्योगांची उद्यम नोंदणी मोफत आहे आणि तिचे नूतनीकरण करावे लागत नाही, त्यामुळे त्यासाठी शुल्क मागणारा माणूस सरकारचा नव्हे. ‘आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा’ असा संदेश खासगी मोबाइल नंबरवरून आला असेल तर तो महावितरणचा नसतो. बँकांना आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या नावाखाली आणण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती, तेव्हा पत्ता तसा नसेल तर पासवर्ड भरू नये. व्हिडिओ कॉलवर अटक केल्याचे सांगून धमकावतात, पण अशा ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची तरतूद भारतीय कायद्यात नाही. आणि लग्नपत्रिका, वाहतुकीचे चलन किंवा बँकेचे केवायसी म्हणून आलेली एपीके (म्हणजे मोबाइलमध्ये प्रोग्रॅम बसवणारी) फाइल दुकानाच्या मोबाइलमध्ये कधीही बसवू नये, कारण ती एकदा बसली की ओटीपीचे एसएमएस परस्पर दुसरीकडे जाऊ शकतात. बँकेला जोडलेल्या सिमचे नेटवर्क अचानक गेले आणि शेजाऱ्याचे चालू असेल, तर सिम बदलले गेल्याची शक्यता धरून त्याच तासात मोबाइल कंपनीला आणि बँकेला फोन करावा.

आता आपला दुसरा प्रश्न. पैसे गेल्याचे कळताच १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करावा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. गृह मंत्रालयाच्या यंत्रणेखाली बँका त्या व्यवस्थेला जोडलेल्या असल्यामुळे, रक्कम ज्या खात्यात पोहोचली असेल तिथे ती थोपवता येते. परंतु भामटे ती एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवून एटीएममधून काढतात, त्यामुळे पहिल्या दोन-चार तासांत केलेला फोन आणि आठव्या दिवशी केलेला फोन यांत फार अंतर पडते. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर (बँकेने दिलेला संदर्भ) क्रमांक, दोन्ही खाते क्रमांक, रक्कम आणि वेळ समोर असावी. त्याच वेळी आपल्या बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. नंतर हद्दीच्या पोलीस ठाण्यात किंवा शिवाजीनगरच्या सायबर पोलीस ठाण्यात जावे. भोसरी ज्याच्या हद्दीत येते ते पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळे आहे, तरी ‘गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही’ या कारणावरून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीचा विचार न करता देता येते. मूळ ईमेल काढून टाकू नये आणि त्याचा केवळ स्क्रीनशॉट पुरेसा मानू नये. तो कोणत्या सर्व्हरवरून आला याची माहिती मूळ ईमेलच्या हेडरमध्येच, म्हणजे एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक नोंदीतच, असते.

एक गैरसमज दूर करतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची वा बँकेची चूक नसताना झालेला अनधिकृत व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला तर ग्राहकावर भार पडत नाही. आपल्या प्रकरणात मात्र पैसे आपल्याच माणसाने, आपल्याच पासवर्डने, समजून-उमजून पाठवले आहेत, त्यामुळे बँक हा व्यवहार अनधिकृत मानत नाही. रक्कम कुठे थोपवली गेली असेल तर ती परत मिळवण्यासाठी पोलिसांच्या अहवालासह बहुधा न्यायालयात अर्ज करावा लागतो.

पुरवठादाराचे पैसे अजून देणे आहेत, हेही लक्षात घ्यावे. भलत्या खात्यात भरल्याने त्यांची उधारी फिटत नाही. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत खऱ्या पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर त्या बिलावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट) व्याजासह उलटवावे, म्हणजे परत भरावे लागते, आणि भामट्याला दिलेली रक्कम या हिशेबात धरली जात नाही. मात्र मेलबॉक्स त्यांचाच उघडला गेला असेल तर नुकसान वाटून घेण्याविषयी बोलण्याचा आपल्याला हक्क आहे, आणि जुने संबंध असतील तर बहुतेक जण तयार होतात. दोघांनीही आजच मेलचे पासवर्ड बदलून द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी, आणि मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगचा एखादा अनोळखी पत्ता बसवलेला आहे का ते पाहावे. तो पत्ता तसाच राहिला तर पासवर्ड बदलल्यानंतरही ईमेलच्या प्रती त्याच माणसाकडे जात राहतात. ही गोष्ट राहून गेल्यामुळे एकाच पेढीला दोन महिन्यांत दोनदा फसलेले मी पाहिले आहे.

राहिला पगाराचा प्रश्न. निष्काळजीपणा दाखवून दिल्याशिवाय आणि त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय वेतनातून अशी कपात कायद्याने करता येत नाही. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी मी ‘कापू नका’ असेच सांगेन. त्या मुलाला कोणतीही रीत घालून दिलेली नव्हती, खाते बदलल्यावर फोन करायचा असतो हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि पैसे वेळेत देणे हेच त्याचे काम होते. माझ्या माहितीतल्या एका कारखान्यात पगारातून कापून घेण्याची पद्धत होती. तिथल्या हिशेबनिसाला चूक कळली त्या दिवशी सायंकाळी पैसे अजून पहिल्याच खात्यात होते, पण तो घाबरून चार दिवस गप्प राहिला आणि नातेवाइकांकडून उसने घेऊन भरपाई करण्याच्या खटपटीत राहिला. तोवर खाते रिकामे झाले होते. आपल्या दुकानातल्या त्या मुलाला वर सांगितलेली वही तयार करायला बसवावे. जुन्या फाइली काढून त्याने पंधरा पुरवठादारांचे नंबर लिहावेत आणि प्रत्येकाला फोन करून ते चालू आहेत का पाहावे. एका दुपारचे काम आहे. पहिला नंबर भोसरीच्या त्या पुरवठादाराचाच लिहावा, फक्त तो त्या ईमेलवरून उतरवून घेऊ नये.